बारा सेकंदांची बारी, बारा वर्षांचा खटला

रील तुम्ही पाहिलेलं असणार. चढाचा मातीचा घाट, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, भंडाऱ्याचा पिवळा ढग, पुढे सुसाट घोडी आणि तिच्या मागे गाड्याला जुंपलेले चार बैल. निवेदकाचं ‘भिर्रर्रर्र’ संपायच्या आत गाडा निशाणापाशी पोचलेला असतो. अकरा सेकंद, बारा सेकंद, फार तर चौदा. इतक्यात सगळं आटपतं, म्हणून तर ते रीलमध्ये बरोबर बसतं.

या बारा सेकंदांचा खटला मात्र बारा वर्षं चालला. ११ जुलै २०११ ला दिल्लीतून एक अधिसूचना निघाली आणि १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी शेवटचा निकाल दिला. मधल्या काळात महाराष्ट्राच्या विधिमंडळानं एक कायदा केला, राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली, मुंबई उच्च न्यायालयानं तो रोखला आणि चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं त्याची वाट मोकळी केली. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात एवढ्या काळात एकही निवडणूक अशी गेली नाही, की जिच्या सभेत बैलगाड्याचा विषय निघाला नाही.

मी शिरूर तालुक्यातला. आमच्या गावचा घाट देवळामागच्या माळावर आहे. बंदीच्या वर्षांत त्याच्या कडेनं बाभळी उठल्या आणि पोरं त्याच चढावर मोटारसायकल शिकली. पारावर बसलेली माणसं तेव्हा एकच वाक्य म्हणायची, “दिल्लीनं बंद केलंय, मुंबई चालू करंल.” मला ते वाक्य फार वर्षं खरं वाटत होतं. पुढे हे सगळं प्रकरण मुळापासून वाचलं, तेव्हा लक्षात आलं की त्यात एक मोठी गफलत आहे. मुंबईनं चालू केलं हे खरं, पण दिल्लीनं हात दिला नसता तर मुंबईला ते जमलंच नसतं.

यादीत एका शब्दाची भर

सुरुवात एका नर्तिकेपासून होते. रुक्मिणीदेवी अरुंडेल. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या बाई १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि तिथं त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक आणलं. नेहरू सरकारनं ‘आम्हीच कायदा करतो’ म्हणून ते मागे घ्यायला लावलं, आणि त्यातून १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आला. हा केंद्राचा कायदा. प्राण्याला मारहाण करणं, जास्त ओझं लादणं, उपाशी ठेवणं हे त्यात गुन्हे ठरले. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान १० रुपये, कमाल ५०. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

याच कायद्यात कलम २२ आहे. सर्कस, माकडवाले, दरवेशी यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं. खेळ करून दाखवण्यासाठी कोणते प्राणी वापरायचे नाहीत, त्याची यादी केंद्र सरकारनं अधिसूचना काढून जाहीर करायची. १९९८ च्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेनं त्यात आणखी एक प्राणी आला, बैल.

संसदेत त्यावर चर्चा झाली नाही, मतदान झालं नाही. तशी गरजही नव्हती, कारण संसदेनंच १९६० मध्ये तो अधिकार सरकारला देऊन ठेवला होता. पर्यावरण खातं तेव्हा जयराम रमेश यांच्याकडे होतं. दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, मंत्रिमंडळात फेरबदल झाले आणि ते ग्रामविकास खात्यात गेले. हा योगायोग असेल, पण आमच्याकडच्या गाडामालकांना तो अजून पाठ आहे.

त्या वर्षी महाराष्ट्र सरकारनं काही विरोध केला नाही. उलट २४ ऑगस्ट २०११ ला स्वतःच शर्यतींवर बंदी जाहीर केली. गाडामालक मुंबई उच्च न्यायालयात गेले, मार्च २०१२ मध्ये हरले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात तमिळनाडूच्या जल्लीकट्टूच्या शेजारी जाऊन बसलं. तिथून पुढे शिरूरच्या बैलाचं नशीब मदुराईच्या बैलाशी बांधलं गेलं.

सामाईक विहीर

आता थोडी राज्यघटना. कंटाळू नका, विहिरीच्या उदाहरणानं सांगतो.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. संरक्षण, रेल्वे, चलन हे विषय केंद्राच्या यादीत. पोलीस, शेती, बाजार हे राज्याच्या यादीत. तिसरी समवर्ती सूची, म्हणजे दोघांची. ती सामाईक विहिरीसारखी आहे. सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावं, मोटर दोघांनाही लावता येते. ‘प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध’ हा विषय याच तिसऱ्या यादीत आहे, नोंद क्रमांक १७. म्हणजे बैलाच्या छळाबद्दल दिल्लीही कायदा करू शकते आणि मुंबईही.

दोघांनी एकाच वेळी मोटर चालू केली तर? अनुच्छेद २५४ त्याचं उत्तर देतो. दोन्ही कायदे एकमेकांच्या आड येत असतील तर केंद्राचा कायदा चालेल आणि राज्याचा, जेवढा आड येतो तेवढा, रद्द होईल. पाणी थोरल्याचं. पण त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात धाकट्यासाठी एक सोय ठेवली आहे. राज्यानं आपलं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलं आणि राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ ठरतो, मग तो केंद्राच्या कायद्याच्या विरुद्ध असला तरी.

ऐकायला हे बंडाचं कलम वाटतं. जरा पुढे विचार करा. राष्ट्रपती कुणाच्या सल्ल्यानं सही करतात? केंद्रीय मंत्रिमंडळाच्या. विधेयक मुंबईहून राज्यपालांमार्फत केंद्रीय गृहमंत्रालयात जातं, संबंधित मंत्रालयांची मतं मागवली जातात आणि मग फाईल राष्ट्रपती भवनात पोचते. म्हणजे ज्याच्या कायद्याला आव्हान द्यायचं, त्याच्याचकडून आव्हानाची परवानगी आणायची.

तमिळनाडूनं २००९ मध्ये जल्लीकट्टूचं नियमन करणारा कायदा केला, तेव्हा ही परवानगी घेतलेली नव्हती. ७ मे २०१४ ला न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी नागराजा खटल्यात तो कायदा रद्द केला. तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत होता आणि त्यामागे राष्ट्रपतींची सही नव्हती. त्या निकालपत्रात बैलाबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, तो ओढकामाचा प्राणी आहे. शेपूट पिरगाळणं, चावणं, टोचणं, या वेदना आणि भीतीतून तो पळतो, हौसेनं नव्हे. शेवटी न्यायालयानं नाव घेऊन सांगितलं, की जल्लीकट्टू असो वा बैलगाडा शर्यत, तमिळनाडू असो, महाराष्ट्र असो वा आणखी कुठलं राज्य, बैल यासाठी वापरता येणार नाही.

त्यानंतर साडेसात वर्षं आमच्याकडे घाट कायद्यानं बंद होता. चोरून, भल्या पहाटे शर्यती झाल्या, गुन्हे दाखल झाले, तारखा पडल्या. पण यात्रेचा घाट म्हणावा तसा भरला नाही.

दावणीचा बैल

इथं जरा थांबायला हवं, कारण कायद्याच्या गोष्टीत बैल हरवून जातो.

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके, बऱ्याच ठिकाणी मध्ये फक्त भीमा. दोन्हीकडे मूळचा मुलूख कमी पावसाचा, ज्वारीचा. पुढे धरणांचं पाणी आलं आणि ऊस आला. शिरूरच्या उत्तरेला, पाबळ-केंदूर-मलठणच्या अंगाला, घाटाची शर्यत, चार बैलांची. भीमा ओलांडून बारामती-सातारा-सांगलीकडे जावं तशी सपाटीवरची दोन बैलांची छकडी भेटते. दौंडच्या रस्त्यांवर गळीत हंगामात आणखी एक बैलगाडी दिसते, पाटसच्या कारखान्याकडे ऊस ओढणारी. टायरची गाडी, डोंगराएवढा ऊस, चढ आला की बैल गुडघ्यावर येतात.

ही ऊसगाडी बेकायदा नाही. बैलाला दिवसात एकूण नऊ तास कामाला जुंपता येतं, मध्ये विश्रांती दिली पाहिजे, ३७ अंशांपुढे तापमान गेलं तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, असे १९६५ चे नियम आहेत. त्यामुळे पारावरचा प्रश्न ठरलेला होता, “नऊ तास ऊस ओढलेला चालतो आन बारा सेकंद पळालेला चालत नाही?” प्रश्न बिनतोड वाटतो. पण मला तो पुरता पटत नाही. वेदना सेकंदांत मोजत नाहीत. आर लावलेली पराणी मी पाहिली आहे, बॅटरीचा शॉक देणाऱ्यांबद्दल गाडामालकच खासगीत शिव्या देतात. बैलाला खुराकात दूध-अंडी घालणारा मालक आणि सुटताना त्याच बैलाची शेपटी चावणारा माणूस एकाच घाटावर असतात, कधीकधी एकाच घरातले असतात. याचिका करणाऱ्यांनी दुसऱ्याला पाहिलं, गावानं पहिल्यालाच पाहिलं.

गावाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र खरी होती. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला काम उरलं नाही. खिल्लार गाईचं दूध बेताचं, त्यामुळे ही जात टिकवण्यात शर्यतीच्या हौसेचा वाटा मोठा. घाट बंद झाला तसे पळीच्या बैलांचे भाव कोसळले. आणि नेमक्या त्याच काळात, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाला. बैल आणि वळू कापायलाही बंदी, पाच वर्षांपर्यंत कैद. पळवायचा नाही, विकायचा तर गिऱ्हाईक नाही, शेतात ट्रॅक्टर. बैलाचं करायचं काय, याचं उत्तर दोन्ही कायद्यांत नव्हतं.

या दुसऱ्या कायद्याचीही कुंडली पाहून ठेवा. शिवसेना-भाजप युतीच्या विधिमंडळानं ते विधेयक १९९५ मध्ये मंजूर केलं होतं. मग ते राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीला गेलं आणि जवळजवळ वीस वर्षं तिथंच राहिलं. मध्ये दिल्लीत देवेगौडा आले, गुजराल आले, वाजपेयी आले आणि मनमोहनसिंगांची दहा वर्षं झाली. सही झाली ती २०१५ मध्ये, मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे भाजपच्या नेतृत्वाखालची सरकारं असताना. १९९५ मध्ये जन्मलेलं पोरगं तोवर कॉलेजला गेलं.

कायद्याच्या दोन प्रती

शर्यतीसाठी आधी दिल्लीनंच पळवाट काढून पाहिली. ७ जानेवारी २०१६ ला पर्यावरण मंत्रालयानं नवी अधिसूचना काढली. बैल बंदीच्या यादीत राहील, पण तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि महाराष्ट्र, कर्नाटक, पंजाब, हरियाणा, केरळ, गुजरात इथल्या बैलगाडा शर्यती अटींवर चालतील. आमच्याकडे फटाके वाजले. पाच दिवसांत, १२ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. न्यायालयात जाणाऱ्यांमध्ये भारतीय जीवजंतु कल्याण मंडळही होतं. हे मंडळ म्हणजे याच १९६० च्या कायद्यानं स्थापन झालेली, केंद्राचीच संस्था. मंत्रालयाच्या आदेशाविरुद्ध मंत्रालयाचं मंडळ कोर्टात. केंद्र म्हणजे एक माणूस असतो असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

वर्षभरानं चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर हजारो तरुण बसले. जानेवारी २०१७ चे ते दिवस तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असतील. तमिळनाडूनं आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती विधेयक आणलं. जानेवारी संपायच्या आत राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. २००९ ची चूक त्यांनी पुन्हा केली नाही.

आणि या वेळी राज्यानं वेगळा कायदा केलाच नाही. केंद्राच्याच कायद्यात, फक्त आपल्या राज्यापुरती, दुरुस्ती केली. १९६० च्या अधिनियमाची जणू दुसरी प्रत काढली. तमिळनाडूत वाचायची प्रत वेगळी, इतरत्र वेगळी.

महाराष्ट्रानं तोच कित्ता गिरवला. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळात दुरुस्ती विधेयक आलं आणि ते मंजूर व्हायला अडचण आली नाही, बैलाच्या विरोधात बोलायची कुणाची टाप होती? पशुसंवर्धन खातं तेव्हा महादेव जानकर यांच्याकडे होतं. त्यांच्या राष्ट्रीय समाज पक्षाचा विधानसभेतला एकुलता एक आमदार दौंडचा. फडणवीस सरकार होतं. पावसाळ्यातच राष्ट्रपतींची मंजुरी येऊन कायदा राजपत्रात छापून आला. मंजुरी ते राजपत्र, सगळं मिळून चारेक महिने. त्याच बैलाच्या दुसऱ्या विधेयकाला जवळजवळ वीस वर्षं लागली होती, हे आताच वाचलंत.

कायद्याचा मजकूर पाहण्यासारखा आहे. इंग्रजी व्याख्येच्या मधोमध तीन मराठी शब्द बसलेत, बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट. म्हणजे पुण्याचा उत्तर भाग, दक्षिण महाराष्ट्र आणि विदर्भ, तिघांची नावं. गाडीवान असो वा नसो, परंपरेनं जिथं शर्यत होते तिथं, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीनं ती घेता येईल. अटी मोडून बैलाला यातना दिल्या तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मघाचे १० ते ५० रुपये आठवले? छळ रोखणाऱ्या केंद्राच्या कायद्यात पन्नास रुपये आणि शर्यत सुरू करणाऱ्या राज्याच्या कायद्यात पाच लाख. याचिकाकर्त्यांना हे मान्य नव्हतं, त्यांच्या मते मूळ गुन्ह्यालाच परवाना दिल्यावर दंड कितीही लावला तरी काय उपयोग. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही.

आमच्याच वाट्याला का?

कायदा आला, पण घाट उघडला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, आधी नियम करा, तोवर परवानगी देऊ नका. सरकारनं नियम केले. शर्यतीचं अंतर एक हजार मीटरच्या आत, आधी पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबूक-शॉक काहीही नको. ऑक्टोबरमध्ये न्यायालय म्हणालं, नियम केलेत म्हणून बैलाची शरीररचना बदलत नाही. स्थगिती कायम.

गंमत म्हणजे तमिळनाडूत आणि कर्नाटकात अशाच दुरुस्त्यांखाली जल्लीकट्टू आणि कंबळा चालूच होते. तिन्ही कायद्यांचा साचा एक, तिन्हींवर राष्ट्रपतींची मंजुरी, पण एका राज्यात उच्च न्यायालयानं हात वर केला आणि दोन राज्यांत खेळ चालू. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिन्ही राज्यांचा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला, आणि घटनापीठ बसायला आणखी जवळजवळ पाच वर्षं गेली. आमच्या पट्ट्यातला राग या काळात सर्वांत जास्त होता. “त्यांचा बैल बैल, आन आपला काय ढेकूळ?”

२०१९ ची लोकसभा त्यातच आली. शिरूर मतदारसंघात सलग निवडून येणारे शिवाजीराव आढळराव पाटील आणि टीव्हीवर संभाजीराजे झालेले डॉ. अमोल कोल्हे. दोघांनीही बैलगाड्याचा शब्द दिला. कोल्हे जिंकले. इथं एक गोष्ट कुणी कुणाला सांगितली नाही. शर्यत सुरू करण्यासाठी खासदाराच्या हातात तेव्हा फार काही नव्हतं, प्रकरण न्यायालयात होतं. पण निवडणुकीच्या सभेत अनुच्छेद २५४ समजावणारा नेता मी अजून पाहिलेला नाही.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राच्या कायद्यावरचा अडसर काढला. कारण साधं होतं, इतर दोन राज्यांना जी मोकळीक आहे ती या राज्याला का नको? अंतिम निकाल घटनापीठ देईलच, तोवर तिन्ही राज्यं सारखी. त्या रात्री आमच्या गावात गुलाल उधळला. घाटावरच्या बाभळी आठवड्यात साफ झाल्या. मग कोरोनाची तिसरी लाट आडवी आली आणि ठरलेल्या शर्यती पुढे गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबाच्या घाटावर कोल्हेंनी गाड्यापुढे घोडी पळवली आणि दिलेला शब्द पाळल्याचं सांगितलं. तो व्हिडिओ तुमच्याकडे आला असेलच.

पाच न्यायमूर्ती काय म्हणाले

१८ मे २०२३ चा निकाल न्या. अनिरुद्ध बोस यांनी लिहिला, पाचही जणांचं एकमत. अनेक बातम्यांत तो ‘संस्कृतीचा विजय’ म्हणून छापला गेला. वाचल्यावर तो तसा दिसत नाही. न्यायालयानं इतकंच म्हटलं की एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवायला सामाजिक आणि सांस्कृतिक अभ्यास लागतो, तो न्यायालयाचा प्रांत नाही. विधिमंडळानं तसं मानलं आहे, आम्ही त्यात ढवळाढवळ करणार नाही. राज्याचा कायदा एका नावाखाली दुसरंच काम करतोय, हा आरोपही फेटाळला. दुरुस्ती आणि नियम एकत्र वाचले तर छळ कमी होतो, आणि छळ रोखणं हा नोंद १७ चा विषय, म्हणजे राज्याचा अधिकार आहेच. केंद्राच्या कायद्याशी विसंगती होती ती राष्ट्रपतींच्या मंजुरीनं दूर झाली. नियम काटेकोरपणे पाळले जाताहेत हे पाहायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

निकालाचा सगळा भार असा त्या मंजुरीवर आहे. ती काढून घेतली की उरतो तो २०१४ चा निकाल. तमिळनाडूचा २००९ चा कायदा आणि २०१७ चा कायदा यांत फरक बरेच आहेत, पण पहिल्याला मृत्यू आणि दुसऱ्याला जीवदान मिळण्यामागे ही सही मोठी आहे.

म्हणून पारावरचं ‘दिल्लीनं बंद केलंय, मुंबई चालू करंल’ मला आता वेगळं ऐकू येतं. २०१७ मध्ये मुंबईला जे हवं होतं ते दिल्लीलाही हवं होतं. दिल्लीनं वर्षभरापूर्वी स्वतः तोच प्रयत्न केला होता आणि न्यायालयात अडली होती. राज्याची दुरुस्ती हा दिल्लीसाठीही सोयीचा दुसरा दरवाजा होता. संघराज्याची लढाई म्हणून आपण जी पाहिली, ती बरीचशी सरकारं विरुद्ध न्यायालय अशी लढाई होती.

खरी परीक्षा तेव्हा होते जेव्हा दिल्लीला नको असतं. दोन उदाहरणं महाराष्ट्रातलीच देतो. २०२० मध्ये केंद्रानं तीन शेती कायदे केले. जुलै २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारनं त्यांना छेद देणारी तीन विधेयकं विधानसभेत मांडली. किमान हमीभावापेक्षा कमी दराच्या करारांना आळा, व्यापाऱ्यानं पैसे बुडवले तर शिक्षा, असं बरंच त्यात होतं. ती मंजूर होऊन दिल्लीला गेली असती तर सही झाली असती? पैज लावायला मी तयार नाही. वेळच आली नाही, वर्ष संपता संपता केंद्रानं आपलेच कायदे मागे घेतले आणि राज्यानं विधेयकं. दुसरं ‘शक्ती’ विधेयक, महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठीचं. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. ते दिल्लीला गेलं आणि केंद्राच्या आक्षेपांत अडकलं. पुढे मुंबईतलं सरकार बदललं तरी सही आली नाही, आणि १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर ज्या जुन्या दंड संहितेत ते दुरुस्ती करणार होतं, तीच उरली नाही. विधेयक चांगलं होतं की वाईट, हा वेगळा वाद, आणि त्यातल्या फाशीच्या तरतुदीबद्दल मलाही शंका होत्या. पण एवढ्या मोठ्या राज्याच्या दोन्ही सभागृहांनी केलेल्या कायद्याचं काय झालं, हे त्या राज्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आणि सही मिळाली म्हणजे कायमचं मिळालं, असंही नाही. विहिरीच्या कागदात शेवटी एक ओळ आहे. अनुच्छेद २५४ सांगतो, की राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या राज्याच्या कायद्यातही संसद केव्हाही भर घालू शकते, बदल करू शकते, तो रद्दही करू शकते. ही ओळ पहिल्यांदा नीट तपासली गेली ती आपल्याच जुन्या मुंबई राज्याच्या खटल्यात, आणि खटला होता ज्वारीचा. स्वातंत्र्यानंतरची टंचाईची वर्षं, धान्य एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचं तर परवाना लागायचा. सुरत जिल्ह्यात झवेरभाई अमैदास या माणसावर विनापरवाना ज्वारी नेल्याचा खटला भरला. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात त्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि त्याला गव्हर्नर जनरलची संमतीही मिळालेली होती. पण १९५० मध्ये संसदेनं आपल्या कायद्यात बदल करून शिक्षेची नवी रचना केली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, संसद त्या विषयावर नंतर बोलली आहे, म्हणून मुंबईचा कायदा संपला. संमती होती तरी संपला. संसदेनं ‘मुंबईचा कायदा रद्द करतो’ असं कुठं लिहिलंही नव्हतं.

बैलाच्या बाबतीत हे होऊ शकतं का? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं १९६० च्या कायद्यात मोठ्या सुधारणा सुचवणारा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला केला होता. दंडाचे ते १० आणि ५० रुपये त्यात बदलणार होते. मसुदा संसदेत पोचलेला नाही. तो किंवा त्याच्यासारखा दुसरा कधी पोचला, तर त्यातल्या एखाद्या कलमाच्या शब्दरचनेवर आमच्या घाटाचं भवितव्य अवलंबून असेल. आणि त्या दिवशी विधानभवनात नव्हे, लोकसभेत कोण बसलंय ते पाहावं लागेल.

यंदाच्या यात्रेच्या आधी गावच्या पोरांसोबत मी परवानगीच्या अर्जाच्या कामात थोडा हात लावला. गावकीचा ठराव, जागेचे कागद, पशुवैद्यकांकडे घातलेला हेलपाटा. शर्यतीच्या सकाळी डॉक्टर आले. एका गाड्याच्या बैलाच्या पाठीवर त्यांनी हात फिरवला, मागच्या पायाशी वाकून पाहिलं आणि मालकाला म्हणाले, “हा पळणार नाही.” मालक चिडला, मग विनवणी करू लागला, मग कुणाकुणाला फोन लावून झाले. डॉक्टर हलले नाहीत. शेवटी तो बैल सोडून दुसरा जुंपला आणि गाडा तेरा सेकंदांत गेला. सोडलेला बैल लिंबाखाली बांधून ठेवला होता, त्याच्यापुढे कुणीतरी कडबा टाकला होता, आणि तो पाठ फिरवून निवांत खात होता.